दोन विहिणींचा वाफा

प्रकाशा
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

काजल,

वर काय लिहावं यातच चहा निवून गेला. 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

माझा फोन तू लागू देत नाहीस. भाग्येश नवरा आहे तुझा, त्याच्या फोनवरून केला तरी माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. एस्तेरताई म्हणाल्या, मग कागदावर लिहा, मी काजलपर्यंत पोचवीन, वाचायचं की नाही ते ती ठरवेल. नंदुरबारच्या त्या कुटुंब आधार केंद्रात तू अर्ज दिलास आणि या बाईंची न् माझी गाठ पडली. नवापूरकडच्या डोंगरातल्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळे मलाही चढवता येत नाही, ही एक अडचणच झाली आहे.

मी सातवी शिकलेली. त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे हातानं काही लिहिलं नाही. चुका निघतील, त्या काढत बसू नकोस.

आज माझी तिसरी तारीख होती. तू एकदाही आली नाहीस. तुझ्याऐवजी तुझी आई येते. बेबीबाई विहीण सारंगखेड्याहून पहिली एसटी पकडतात आणि माझ्याआधी येऊन बसलेल्या असतात. केंद्राच्या ओसरीत दोन बाकं समोरासमोर आहेत. एक सासरचं, एक माहेरचं. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण लोकांनी आपापलं वाटून घेतलं आहे. आपला नंबर येईपर्यंत समोरच्यांच्या चपला बघत बसायचं. लहान पोरं कंटाळून रडायला लागतात आणि कुणी त्यांना घेत नाही, कारण पोर कुणाचं हाच तर अर्ध्यांचा वाद असतो.

ताईंनी मला पुन्हा त्या कागदाचं विचारलं. मी सांगितलं, कुठला कागद आला नव्हता. जामसिंग पोस्टमन आता म्हातारा झाला आहे, कुणाचं टपाल कुणाच्या हातात दिलं ते त्याच्या ध्यानात राहत नाही. त्यानं लग्नाच्या पंगतीत काहीतरी सांगायचं आणि तू त्यावरून भरलं घर सोडून जायचं, हे काही मला पटत नाही. तेवढंच बोलले आणि बाहेर आले.

बाहेर आले तर मागच्या अंगणात ताईच कुदळ घेऊन खणत होत्या. मघाशी माझं ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलवायच्या आधी तेवढ्यात चार घाव घालायला आल्या होत्या. इथं सगळ्यांची मिळून बाग करायची आहे म्हणाल्या, म्हणजे लोकांना बसायला आणि हात चालवायला जागा होईल. बरं, कुदळ धरलेली कशी, तर बाळाला धरावं तशी. आणि जमीन कशाची, नुसते विटांचे तुकडे, चुना आणि कमरेएवढं गाजरगवत. मला ते बघवेना. मी म्हटलं, इथं काही उगवायचं नाही. त्यांनी विचारलं, मग काय केलं तर उगवेल? मी सांगता सांगता कुदळ कधी हातात घेतली मला कळलं नाही. गाडी चुकली. पुढच्या मंगळवारी तासभर आधी या म्हणाल्या. मी तारखेला येते, कामाला नाही, असं सांगणार होते. राहून गेलं.

ईशूचा खोकला गेला का? तिचे आजोबाही विचारत होते.

गुलाबबाई


प्रकाशा
मंगळवार, २७ ऑगस्ट २०२४

काजल,

पहिलं पत्र तू घेतलंस असं ताई म्हणाल्या. वाचलंस का, ते सांगत नाहीत. त्यांचा नियम आहे म्हणे. मी बेबीबाईंनाही विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक. त्यांना ठाऊक असतं तेव्हा त्या आधी पदर सारखा करतात, आणि त्यांनी पदर सारखा केला.

दगडविटा वेचायला तीन मंगळवार लागले. सुरुवातीला मी आणि ताई दोघीच होतो. मग बाकावरचे एकेक उठून यायला लागले. बसून तरी काय करणार. गेल्या मंगळवारी भाग्येश शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मागून शेणखताची ट्रॉली घेऊन आला. मला न विचारता आणली, हे विशेष. केंद्राचं फाटक एवढं अरुंद की ट्रॉली आत जाईना. मग रस्त्यापासून मागच्या अंगणापर्यंत माणसांची रांग केली आणि घमेली या हातातून त्या हातात द्यायला लागलो. निम्मी ट्रॉली झाल्यावर ताई ओसरीवर उभ्या राहून हसायला लागल्या. कशाला हसता म्हणून बघितलं, तर रांगेत एक सासरचा एक माहेरचा असे सगळे मिसळून गेले होते. एकानं घमेलं द्यायचं आणि ज्याच्यावर त्यानं अर्ज केलेला त्यानं ते घ्यायचं, असं चाललं होतं आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. लक्षात आल्यावर दोघं-तिघं बाजूला सरले. पण घमेलं जड असतं, ते पुन्हा रांगेत आले.

आता बारा वाफे झाले आहेत. ताईंनी नियम केला, एका वाफ्यावर दोघं, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत कुणाचं नाव आलं असेल? ताई म्हणतात चिठ्ठ्या खऱ्या होत्या. मी मानत नाही.

तर तुझी आई आणि मी, एका वाफ्यात. त्यांनी सारंगखेड्याहून भरताच्या वांग्याची रोपं आणली होती. मी मिरचीची नेली होती. मी म्हटलं, नंदुरबारची माती आहे, इथं मिरचीच चांगली होईल. तर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्हना तोंडमा मिरची कमी शे का, ते आखो वाफामा लावतस?"

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला राग यायला हवा होता. पण मला हसू आलं आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तू गेल्यापासून, म्हणजे मे महिन्यापासून, आपल्या घरात कुणी हसलेलं नाही. ईशूचे आजोबा रेडिओ लावून बसतात तेवढाच आवाज. बेबीबाईंना आधी वाटलं मी रडते आहे, मग त्याही हसायला लागल्या. शेवटी अर्धा वाफा वांगी, अर्धा मिरची. मध्ये त्यांनी विटांची ओळ लावली. लावू द्या म्हटलं.

शेजारचा वाफा रमीबाईंचा. विसरवाडीच्या पुढे डोंगरात त्यांचं गाव आहे. मुलीसाठी येतात. त्यांच्या जोडीला मुलीचा सासरा, दलपत नावाचा ताडासारखा उंच माणूस. तो बोलतच नाही. रमीबाईंनी फडक्याच्या पुरचुंडीतून राखेत घोळवलेलं बी काढलं आणि वाफ्यावर मुठीनं फेकून दिलं. ना ओळ, ना अंतर. मी सांगायला गेले, त्यांनी मान डोलावली आणि दुसरी मूठ फेकली.

गुलाबबाई


प्रकाशा
मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४

काजल,

वांग्याला फूल आलं. मिरची आठवडाभर मागे आहे, हे बेबीबाईंनी मला चार वेळा सांगितलं. विटांची ओळ वांग्याच्या पानांखाली गेली, आता ती शोधावी लागते.

आम्ही दुपारची भाकरी एकत्र खातो. त्या ठेचा आणतात, मी वालाची भाजी. चार वर्षांत ज्या बाईशी तीन वाक्यं बोलले नव्हते तिचे गुडघे कुठल्या तेलानं बरे होतात ते मला आता ठाऊक आहे. ईशूला अंगणवाडीत घातल्याचं त्यांनी सांगितलं. रडली नाही म्हणे. मी विचारलं, माझी आठवण काढते का? विहीणबाई म्हणाल्या, मिरचीला पाणी जास्त झालं आहे. मी पुन्हा विचारलं नाही.

वाईट एकच झालं. रमीबाईंच्या वाफ्यातली सगळी रोपं गेली. बकरी शिरली असणार. प्रेमचंद रखवालदारानं फाटक उघडं टाकलं होतं. त्याला ताई फार बोलल्या नाहीत, पण संस्थेच्या एका साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं. रमीबाई वाफ्याच्या कडेला बसून राहिल्या. ते बी त्यांच्या आईकडून आलेलं होतं, असं मागून कळलं.

असो. डोंगरात बी मिळेल आणखी.

गुलाबबाई


प्रकाशा
बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४

काजल,

बकरी आली नव्हती.

मागच्या पत्रात तुला जे लिहिलं ते खोटं होतं. त्या दिवशी मी पहिल्या गाडीनं लवकर पोचले होते. कुणी आलं नव्हतं. आमचा वाफा खुरपून झाला आणि शेजारी बघितलं तर रमीबाईंच्या वाफ्यात नुसता गोंधळ. कसलीशी अनोळखी पानं, कुठंही उगवलेली. मला वाटलं तण आहे. दुसऱ्याचा वाफा आहे, आधी विचारावं, असं मनात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणणार नाही. तरी बसले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं उपटलं. कोपऱ्यात मूठभर तूर होती, तेवढी ओळखीची म्हणून ठेवली. उपटलेलं गटारापलीकडे फेकून दिलं. मग रमीबाई आल्या आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ते तण नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, बकरी शिरलेली दिसते. मी हो म्हटलं.

त्यात प्रेमचंद हकनाक भरडला गेला. तो साहेबांना म्हणाला, आईशप्पथ, मी फाटक लावलं होतं. गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला. आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. एवढा मोठा माणूस, पन्नाशीचा, खरी शपथ घेऊन खोटा ठरला आणि मी तिथंच दोन हातांवर उभी होते, हातात माझंच खुरपं होतं.

दोन आठवडे मला भाकरी गोड लागली नाही. यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय. मग तेही खोटंच.

काल सगळे जमल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "बकरी नव्हती. मी उपटलं."

रमीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या त्यांच्या बोलीत मला काहीतरी म्हणतील आणि ते मला कळणारही नाही. पण त्या मराठीतच बोलल्या. म्हणाल्या, "उपटली ते उपटली. पण फेकली कशाला? भाजी करून खायची ना."

ती त्यांच्याकडची रानभाजी होती. मग मला विचारायला लागल्या की पानं कोवळी होती का, कुठं फेकली, कुणाच्या गाईनं तरी खाल्ली का. गाईनं खाल्ली असेल असं सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. मग कमरेची पुरचुंडी सोडली. त्यांच्याकडे आणखी बी होतं. अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, आता तू फेक. मी ओळीनं टाकायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरून झटकलं. बी वाफाभर पसरलं. दलपत हसला. त्या माणसाला दात आहेत हे आम्हाला कालच कळलं.

प्रेमचंदची मी माफी मागितली. साहेबांना फोन लावून त्याच्यासमोर खरं काय ते सांगितलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. मला बघितलं की तोंड फिरवून फाटकाची कडी दोनदा लावतो. बरोबर आहे त्याचं.

पण काजल, ते वाक्य बोलून झाल्यावर मी बाकावर बसले आणि मला झोप आली. दिवसाढवळ्या, एवढ्या माणसांत. बेबीबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून मी अर्धा तास झोपले. त्यांनी हलवलं नाही.

गुलाबबाई


प्रकाशा
मंगळवार, २९ ऑक्टोबर २०२४

काजल,

सोबत एक पाकीट आहे. ते आधी बघ, मग हे वाच.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, जामसिंगनं ते माझ्या हातात दिलं. त्याच्या ध्यानात सगळं बरोबर आहे. पाकिटावर दवाखान्याचं नाव बघून तो म्हणाला होता, सूनबाईंना सांगा, पेढे लागतील. तू नर्सचं शिक्षण घेतलेलं, नंदुरबारला अर्ज केलेला, हे मला माहीत होतं. तू ईशूला अंघोळ घालत होतीस. मी पाकीट फोडलं. मुलाखतीची तारीख होती. मी ते कपाटात लुगड्यांच्या खाली ठेवलं. त्यानंतर तू रोज विचारायचीस, टपाल आलं का. मी नाही म्हणायची. महिनाभर विचारलंस, मग विचारायचं सोडलंस. सोडलंस त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते.

का केलं, ते ताईंनी विचारलं. मी बरीच कारणं दिली. पोर लहान आहे, रोज जाऊन येऊन कसं जमेल. ताई ऐकत राहिल्या. शेवटी जे राहिलं ते हे, की तू नंदुरबारला गेलीस तर मागोमाग भाग्येश जाईल, ईशू जाईल आणि त्या घरात मी आणि रेडिओ. दुसरं काही नाही. मी घाबरले होते. घाबरलेली बाई चांगली वागत नाही, निदान मी वागले नाही.

आणि मे महिन्यात तू तोंडावर विचारलंस तेव्हा मी ईशूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. हे लिहायला मला तीन दिवस लागले. तिचं डोकं गरम होतं, उन्हातून खेळून आली होती. ती वर बघून हसली, तिला वाटलं मी लाड करते आहे. तिला उचललंस आणि पिशवी भरायला घेतलीस. लोक म्हणतात सून एका कागदावरून गेली. तू कशावरून गेलीस ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं, आणि मी ताईंना सांगत होते की मला ठाऊक नाही.

आज केंद्रात हे सगळं बोलले. भाग्येश होता. तो उठून बाहेर गेला. जाऊन बघितलं तर आमच्या मिरचीला पाणी घालत होता. पाणी वाफ्याबाहेर वाहून गेलं तरी घालतच होता. मी जवळ उभी राहिले. तो म्हणाला, मला शंका होती आणि मी विचारलं नाही. तेवढं बोलून नळ बंद केला.

बेबीबाईंनी आज भाकरी एकटीनं खाल्ली. त्यांचा ठेचा मला मिळाला नाही. निघताना मात्र एसटी स्टँडपर्यंत बरोबर आल्या.

आज धनत्रयोदशी. मी काही मागत नाही. पाकीट तुझं आहे, ते तुला मिळावं.

गुलाबबाई


प्रकाशा
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

काजल,

काल तू आलीस. मी तुला आधी बघितलंच नाही. वांगी तोडत होते, समोर दोन छोटे पाय दिसले, लाल सँडलमधले. वर बघायची हिंमत होईना. मग ईशूच म्हणाली, "आजी, हे जांभळं काय?"

सहा महिन्यांनी माझ्या नातीनं मला पहिला प्रश्न विचारला तो वांग्याबद्दल. बेबीबाई हे गावभर सांगणार.

पुढचं तू बघितलंसच, पण मी माझ्या बाजूनं लिहिते. ती मिरचीला हात लावून डोळे चोळायला लागली, तेव्हा आम्ही दोघी आज्या एकदम धावलो आणि वाफ्यात एकमेकींवर आदळलो. बेबीबाई म्हणाल्या, सांगत होते, मिरची नको. मी म्हटलं, आधी पाणी आणा. आम्ही भांडत राहिलो आणि तिला उचललं दलपतनं. नळाखाली डोळे धुतले, खांद्यावर बसवलं आणि मांडवावरची गिलकी दाखवायला नेलं. ती हसायला लागली. आम्ही दोघी चिखलानं भरलेल्या, रिकाम्या हातांनी उभ्या. तू तोंडावर ओढणी धरली होतीस. हसत होतीस ना? मी बघितलं.

मग तू माझ्याजवळ येऊन बसलीस, वांग्यांच्या आड. आणि चार वर्षांचं सगळं बोललीस. भाजीत मीठ कमी म्हणून पाहुण्यांसमोर मी काय म्हणाले होते ते. तुझ्या बाळंतपणात काय म्हणाले होते ते. मी काही विसरले होते, तू विसरली नव्हतीस. दोनदा माझ्या तोंडाशी उत्तर आलं. दोन्ही वेळा मी एकेक वांगं तोडलं. एक तर कच्चं होतं.

शेवटी तू म्हणालीस, "तुम्हीन कागद दपाडा, ते मी एखादे दिन भुली जासू. पन मन्ही पोरना डोकावर हात ठेवा, ते मी भुलाव नही."

मी म्हटलं, "भुलू नको."

मला खरंच तसं वाटलं म्हणून म्हटलं. तू विसरलीस तर मीही विसरेन आणि पुन्हा तशीच होईन, याची मला भीती आहे.

प्रकाशाला परत येणार नाहीस म्हणालीस. ती जुनी जागा केव्हाच भरली, पण दुसऱ्या एका दवाखान्यात तू विचारून आली आहेस, आणि नंदुरबारला दोन खोल्या बघायच्या, भाग्येशनं तिथून शहाद्याला कामावर जायचं यायचं. माझ्याकडे बघत होतीस, मी काय म्हणते ते. ज्याला भिऊन मी सगळं केलं, तेच समोर येऊन बसलं होतं. मी विचारलं, खोल्यांना पाणी कसं आहे? तू म्हणालीस, एक दिवसाआड येतं. मग मोठी टाकी घ्या, म्हटलं. एवढंच बोलणं झालं आणि तुझा चेहरा सैल झाला.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, मग आपण मंगळवारी जोडीनं जात जाऊ. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस कुठंतरी येतो म्हणाला.

गुलाबबाई


प्रकाशा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. काजल,

फोन आता लागतो, पण फोनवर मी वेडंवाकडं बोलते. कागदावर बरं जमतं, म्हणून हे लिहिते. आज संध्याकाळी भाग्येश शहाद्याहून परतताना घेऊन जाईल.

मंगळवारी नव्या दवाखान्यात तुझी ड्यूटी होती, त्यामुळे बागेतलं जेवण तुला मिळालं नाही. ते सांगते. सकाळपासून ओसरीत कुणी बसलंच नाही. दोन्ही बाकं उचलून मागे अंगणात नेली आणि त्यावर परातीत वांगी मांडली. आमच्या वाफ्याची दोन घमेली भरली. भाजायला काटक्या दलपतनं आणल्या. भरताला मिरची आमचीच. बेबीबाईंनी स्वतः तोडून ठेचली आणि चाखून काही बोलल्या नाहीत. म्हणजे चांगली झाली.

रमीबाईंनी ती रानभाजी केली. मी उपटलेली ती. मला पहिलं पान वाढलं आणि समोर बसून मी खाते का ते बघत राहिल्या. थोडी कडसर लागते, पण दुसऱ्या घासाला आवडायला लागते. त्यांची मुलगी सासरी परत गेलेली नाही, जाणारही नाही. दोन्ही घरांनी शांतपणे सोडचिठ्ठीचे कागद केले. तरी रमीबाई आणि दलपत वाफा सोडत नाहीत. नातू दोघांचा आहे, मग वाफाही दोघांचा, असं दलपत म्हणाला. पाच महिन्यांतलं त्याचं हे सगळ्यांत लांब बोलणं.

प्रेमचंदला मी स्वतः ताट नेऊन दिलं. त्यानं घेतलं. खाऊन झाल्यावर म्हणाला, मीठ जरा कमी आहे. मी मीठ नेऊन दिलं. मला इतका आनंद झाला की ताईंनी विचारलं, काय झालं?

ईशूचे आजोबा सगळ्यांना वाढत होते. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस. वाढताना वाकून प्रत्येकाला विचारत होते, आणखी देऊ का?

तेवढ्यात तुझा फोन आला. मला वाटलं बेबीबाईंसाठी असेल, मी त्यांच्याकडे दिला. त्यांनी परत माझ्याकडे दिला. तू म्हणालीस, शनिवार-रविवार दोन्ही दिवस ड्यूटी लागली आहे, भाग्येशलाही सुट्टी नाही, ईशूला प्रकाशाला न्याल का? इतकं साधं विचारलंस, जशी काही दर आठवड्याला नेते. मी हो म्हटलं. नंतर फोन बंद झाला तरी कानाला लावून उभी होते. बेबीबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "जा ना मग, पोरले काय आवडस ते तरी पूस मले." आणि तिथंच बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. दूध कोमट लागतं. वरणात गूळ नको. झोपताना पायाला तेल लावायचं, डाव्या आधी. मी कागदावर लिहून घेतलं.

आता दुपारचे चार वाजलेत. दूध कोमट दिलं. वरणात गूळ घातला नाही. जेवली, दोन पोळ्या. आजोबांबरोबर नदीवर जाऊन आली, घाटावरच्या पायऱ्या मोजल्या, अकराच्या पुढे पुन्हा एकपासून. आत्ता माझ्यासमोर पालथी पडून मी काय लिहिते ते बघते आहे. सकाळी वेणी घालताना तिचं डोकं माझ्या हातात होतं. माझे हात थांबले. तिनं मागे वळून विचारलं, आजी, झाली? मी म्हटलं, नाही, अजून व्हायची आहे. हळूहळू घातली. वाकडी झाली आहे, तू हसशील.

रविवारी तुझी ड्यूटी दोनला सुटते ना? मग सरळ इकडे ये, जेवायलाच थांब. नाहीतर घरी जाऊन आधी झोप काढ. दमली असशील. संध्याकाळची गाडी आहे. ती चुकली तर सोमवारी सकाळचीही आहे. घाई करू नकोस.

तुझी
आई